वधूचे मामा कुठं आहेत?

माझ्यासमोर कुणी टेबल मांडलं, त्यावर चादर अंथरली आणि चादरीवर पाण्याचा तांब्या ठेवला, की मी आपोआप उभा राहतो आणि घसा खाकरतो. आमची मंडळी त्यामुळं घरात टेबलावर तांब्या ठेवतच नाय. पाणी हातात देते आणि म्हणते, "बसूनच प्या."

मी कडूबा. पाटबंधारे खात्यात कारकून होतो, आता पेन्शनीत आहे. राहायला क्रांती चौकाच्या मागं, मूळ गाव पाचोड. खात्यात मी काय काम केलं ते खात्यालाही आठवत नसंल. पण पाचोडपासून औरंगाबादपर्यंत, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, 'बोलणारे कडूबा' म्हटलं की लोक बरोब्बर माझं घर दाखवायचे. लग्नात स्वागत, दहाव्याला श्रद्धांजली, शाळेत झेंडावंदन आणि साहेबाची बदली झाली की निरोप. साहेब चालला याचा आनंद पोटात ठेवून डोळ्यांत पाणी कसं आणायचं, हे मला कुणी शिकवलं नाय. ते उपजतच होतं.

पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो, त्यामुळं निजामाला घालवण्यात माझा काही हात नाय. पण पुढं शाळेत सतरा सप्टेंबरला त्यावर पहिलं भाषण मीच ठोकलं. मास्तरांनी लिहून दिलेलं सगळं पाठ होतं. उभा राहिलो, सगळं गाव समोर दिसलं आणि डोक्यातलं पार पुसलं गेलं. शेवटचं वाक्य तेवढं उरलं. म्हटलं, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो." कडाडून टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून मधलं थोडं आठवलं, ते बोललो, परत अडकलो, परत "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो." परत टाळ्या. असं बराच वेळ चाललं. घरी येऊन आईला सांगितलं, गावानं मला डोक्यावर घेतलं. मी खाली बसावं म्हणून लोक टाळ्या वाजवत होते, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

त्या टाळ्यांच्या जोरावर मी वक्ता झालो. नुसता वक्ता नाय, गुरुजीही झालो. रविवारी घरी पोरांना भाषण शिकवायचो. सांगायचो, बाबांनो, तोंड उघडायच्या आधी समोरच्याचं तोंड बघा. त्याला भूक लागली का, त्याची गाडी चुकायची आहे का, त्याला काय पाहिजे ते ओळखा आणि तिथूनच बोलायला सुरुवात करा. एक मुद्दा धरा, दुसऱ्याला दाराबाहेर ठेवा. आणि लोकांना अजून थोडं हवंसं वाटत असतं तेव्हाच खाली बसा. हे शेवटचं समजावून सांगायला मला दीड तास लागायचा. आतून मंडळी ओरडायची, "पोरांना सोडा आता, त्यांच्या आया वाट बघत असतील."

आता द्वारकाचं सांगतो. द्वारका माझी भाची, पाचोडच्या सरूअक्काची एकुलती एक लेक. दाजी पोर लहान असतानाच वारले. अक्कानं ज्वारी खुरपून पोरीला शिकवलं आणि पुढं डी.एड.ला आमच्याकडं औरंगाबादेत ठेवलं. अक्काला बाकी काही नको होतं. म्हणायची, "माझ्यासारखं हिचं नको व्हायला. हातात नोकरी पाहिजे पोरीच्या, मग नवरा कसाबी निघू दे."

नवरा मात्र चांगला निघाला. वैजापूरचा बन्सी, कांद्याच्या आडतीतला, गरीब स्वभावाचा मुलगा. बाप तात्यासाहेब तालेवार आणि करारी. त्यांनी बैठकीतच सांगून टाकलं, "यंदाची परीक्षा देऊ द्या. पास झाली तर नोकरी करू द्यायला आमची ना नाय. पण राहिली तर राहिली. आमच्या घरची सून पुन्हा परीक्षेला बसायची नाय." अक्का म्हणाली, "मंजूर." द्वारका हुशारच होती, भ्यायचं काय कारण?

कारण निघालं. कसला तरी संप झाला, परीक्षा पुढं गेली आणि शेवटचा पेपर नेमका लग्नाच्या दिवशी आला. पत्रिका वाटून झालेल्या आणि त्या हंगामातला तो शेवटचा मुहूर्त. मुहूर्त दुपारी साडेबाराचा पाचोडला, पेपर तीनचा औरंगाबादेत. अर्ध्या तासापर्यंत उशीर चालतो, त्यानंतर आत घेत नाहीत. तात्यासाहेब म्हणाले, "अक्षता पडल्यावर जाऊ द्या की तिला, जेवणं मागून होतील. पण अक्षता पडायच्या आधी नवरी मांडवातून हलायची नाय." त्यांचंही बरोबर होतं. शौकतची जीप ठरली. शौकत म्हणजे माझा बालमित्र. गावातला भोंगाही त्याचाच आणि जीपही त्याचीच.

हिशोब अगदी सोपा होता. अक्षता वेळेवर पडल्या की पोरगी पेपरला पोचते. पण आमच्याकडच्या लग्नात अक्षता वेळेवर पडतात का कधी? मुहूर्त पत्रिकेत असतो. मांडवात असतात पुढारी. नवरानवरी ताटकळत बसतात, म्हाताऱ्या हातातल्या अक्षता दोनदा खाली ठेवून दोनदा उचलतात, आणि माईकवर एकेक जण आशीर्वादाचे दोन शब्द बोलत सुटतो. आमच्या भागात सगळ्यांत धोक्याचे आप्पासाहेब. त्यांनी माईक धरला की जायकवाडी धरणापासून धरायचे ते थेट दिल्लीपर्यंत जायचे.

हळदीच्या दिवशी अक्कानं मला बाजूला घेतलं. "कडू, तुला एकच काम सांगते. माईक तू धर आन् कुणाला देऊ नको. आप्पासाहेबाला तर मुळीच नाय. त्यो उठला की माझ्या लेकराचं वरीस गेलं. वरीस कशाला, जलम गेला."

"अक्का, तू बिनघोर राहा. मी आहे."

"आन् तूबी बोलू नको."

"मी कशाला बोलतोय?" मी म्हणालो. मागं आमची मंडळी फिसकन हसली, ते मी मनावर घेतलं नाय.

लग्नाच्या दिवशी मी आप्पासाहेबांना मांडवाच्या तोंडावरच गाठलं. आणि सांगतो, त्या दिवशी मी जे केलं तसं पुन्हा मला कधी जमलं नाय. रविवारी पोरांना सांगायचो तेच केलं. या माणसाला काय पाहिजे? बोलायला पाहिजे? छे! त्यांना मोठं म्हणवून घ्यायचंय. मी म्हणालो, "आप्पासाहेब, आज तुम्ही बोललात तर बाकीचे सगळे बोलणार, आणि गाव म्हणणार, पुढाऱ्यांपायी बिनबापाच्या पोरीची परीक्षा बुडाली. आज तुम्ही नुसते उभे राहा, हात जोडा आणि बसा. लोक तालुकाभर सांगतील, पोरीसाठी आप्पासाहेबांनी भाषण सोडलं."

आप्पासाहेब विचारात पडले. मग त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "कडूबा," ते म्हणाले, "सोडलं. पण लोकांना कळलं पाहिजे बरं का."

"कळणार. ते माझ्याकडं लागलं."

झालं, इथंच माती खाल्ली. आप्पासाहेब बसले तसे बाकीचे पुढारीही मुकाट बसले. मांडवात कुणाला पटणार नाय अशी शांतता. घड्याळात साडेबाराला अजून अवकाश होता. मी माईक हातात घेतला. घेतला तो फक्त एवढं सांगायला, की आप्पासाहेबांनी पोरीसाठी भाषण सोडलं आहे. शब्द दिला होता ना मी! सांगितलं. टाळ्या पडल्या. आप्पासाहेब उठून हात जोडून बसले. आता त्यांच्या त्यागाचं सांगितलं आणि शेजारी बसलेल्या सोसायटीच्या चेअरमनच्या त्यागाचं नाय सांगितलं, तर ते रुसणार. भाषण त्यांनीही सोडलं होतं. मग त्यांचं सांगितलं. मग माजी चेअरमन. मग पंचायत समितीवाले. प्रत्येकाचं नाव, पद आणि दोन गोड शब्द, म्हणजे कुणाला वाटू नये आपल्याला कमी लेखलं. तेवढ्यात चिठ्ठ्या यायला लागल्या. 'यांचेही नाव घ्यावे.' घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मांडवातले सगळे पुढारी गप्प होते आणि मी एकटा बोलत होतो. अहो, असा योग पुन्हा येतो का?

शौकत भोंग्याच्या पेटीजवळून दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, आवाज पोचत नाय म्हणतोय. मी आणखी मोठ्यानं बोललो.

शेवटी पैठणहून आलेले भटजी माझ्या कानाशी लागले. ते नवे होते, मला ओळखत नव्हते. "मुहूर्त टळत चाललाय. अंतरपाट धरलाय. वधूच्या मामाला म्हणा, वधूला घेऊन या."

आमच्याकडं नवरीला मांडवात आणायचं ते मामानं. तिच्या हाताला धरून आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. मामा आल्याशिवाय नवरी खोलीच्या बाहेर पाऊल टाकत नाय.

मी लगेच माईकवर पुकारा केला. "वधूचे मामा! वधूचे मामा जिथं कुठं असतील तिथून त्यांनी त्वरित यावं आणि वधूला मांडवात घेऊन यावं!"

कुणी आलं नाय. मांडवात थोडं हसू उमटलं.

"वधूचे मामा कुठं आहेत? मुहूर्त टळतोय! पोरीला परीक्षेला जायचंय! मामांना काही काळजी आहे की नाय?"

हसू वाढलं. वक्त्याला हसू म्हणजे चाबूक. मी सुटलोच. "मंडळी, मामा म्हणजे कोण? आईच्या जागी उभा राहणारा माणूस! ज्या पोरीला बाप नाय, तिला मामा हाच बाप! आणि आज, अशा मंगल प्रसंगी, तो मामा जागेवर नाय! कुठं गप्पा ठोकत बसलाय, त्याचं त्यालाच माहीत! अशा बेजबाबदार मामांमुळंच आपला समाज मागं राहिलाय!"

मांडव नुसता गदगदत होता. बायकांनी तोंडाला पदर लावलेले. मला वाटलं, रडताहेत. आप्पासाहेब खुर्चीत वाकून पोट धरून बसले होते. मला वाटलं, आज मी जिंकलो. बेजबाबदार मामांवर मी किती वेळ बोललो ते मला सांगता येणार नाय, पण खूप मनापासून बोललो.

आणि मग आवाज गेला. शौकतनं पेटीची वायर उपसली होती. तरी मी बोलतच होतो, नुसती तोंडाची हालचाल. त्या शांततेत मांडवाच्या मागून अक्काचा आवाज आला. भोंगा नाय, माईक नाय, पण वेशीपर्यंत गेला असंल.

"अरं कडू! मेल्या! मामा तूच हायेस ना रं!"

खरं सांगतो, एक क्षण मी मागं वळून बघितलं, ती कुणाला म्हणतीय म्हणून. मग कळलं. हातातला माईक तिथंच टाकून मी खोलीकडं धावलो, चिठ्ठ्या पायाखाली गेल्या, धोतर खुर्चीत अडकलं. पण तोपर्यंत द्वारका खोलीच्या बाहेर आली होती. एकटी. मुंडावळ्या बांधलेल्या, शालूचा घोळ एका हातात उचललेला, मामाची वाट न बघता आपली आपण मांडवात चाललेली. माझ्या बाजूनं गेली, पण माझ्याकडं बघितलं नाय. त्या पोरीला बाप नव्हता आणि त्या दिवशी मामाही नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्षता पडल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. तात्यासाहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. अक्कानं नुसतं जीपकडं बोट केलं.

जीपमध्ये पुढं शौकत आणि मी. मागं द्वारका, मांडीवर पुस्तक उघडून, आणि तिच्याशेजारी बन्सी, बाशिंग दोन्ही हातांत धरून. आडूळ गेलं. तसा शौकत गुरगुरला, "क्या मामू, मैं हाथ हिला हिला को थक गया. तुम और जोर से शुरू हो गए. अपनेच को गालियां देते आदमी मैंने पहली बार देखा."

मी मागं वळलो. "द्वारका, पोरी, मी काय सांगू..."

"मामा," ती पुस्तकातनं वर न बघता म्हणाली, "आता बोलू नका. वाचू द्या."

तिथून पुढं मी तोंड उघडलं नाय. चिकलठाण्याला रेल्वेचं फाटक लागलं नाय ही देवाची कृपा. क्रांती चौकाच्या अलीकडं ज्या शाळेत तिचं केंद्र होतं, तिथं पोचलो तेव्हा साडेतीनला अगदी थोडा वेळ उरला होता. आणि शाळेचं फाटक बंद. आत स्टुलावर शिपाई. फाटकातला लहान दरवाजा मात्र नुसताच लोटलेला.

द्वारकानं मुंडावळ्या मानेमागं टाकल्या. खाली उतरली आणि दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "मामा, त्याला विचारलं तर तो आत विचारायला जाणार, कुणाला तरी शोधणार, तेवढ्यात वेळ संपणार. तुम्ही बोला त्याच्याशी. आता बोला. आखडू नका."

मी फाटकाशी गेलो. शिपायाला बाहेर, बाजूला बोलावलं आणि सुरुवात केली. "माननीय महोदय, विद्येच्या या पवित्र मंदिराचं रक्षण करणारे आपण..." शिपाई माझ्याकडं बघेचना. त्याचे डोळे शालूकडं. "ही नवरी कोणाची? लेट झालेल्यांना आत नाय," असं म्हणत तो वळायलाच लागला. माझी सगळी वाक्यं त्याच्या अंगावरून ओघळून गेली. चाळीस वर्षं जमवलेलं सगळं भाषण संपलं आणि समोरच्या एका माणसाला पटत नव्हतं.

मग सुचलं, याला काय पाहिजे? मी त्याचं तोंड बघितलं. सुकलेलं. सकाळपासून उन्हात बसलेला, त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं, नुसते येणारे-जाणारे ओरडून गेले होते. मी म्हणालो, "सकाळपासून तुम्ही एकटेच का हो इथं? दुसरा माणूस दिला नाय?"

बस्स. शिपाई गर्रकन माझ्याकडं वळला. "दुसरा माणूस? अहो, कुठला दुसरा माणूस!" आणि त्यानं जे सुरू केलं! त्याचं नाव बद्रीनाथ. त्याची बदली कशी अडवली, हेडक्लार्क कसा चहा एकटाच पितो, बायको कन्नडला, हा इथं, स्टूल मोडकं. मधे श्वास घेत नव्हता. मी "व्हय व्हय" म्हणत होतो. त्याच्या खांद्यामागं लहान दरवाजा हळूच उघडला आणि शालूचा काठ आत गेला. बद्रीनाथ हेडक्लार्कवरून थोरल्या भावावर आला. मी मान हलवत राहिलो. माझ्या आयुष्यात कुणी मला बोलू न देता एवढा वेळ बोललं नव्हतं, आणि मला ते हवं होतं, अजून हवं होतं.

तिनं पेपर संपवून बाहेर यायला संध्याकाळ झाली. बद्रीनाथनं आतून बाहेर येणारी नवरी बघितली. हातावर मेंदी, बोटाला शाई, गालावर अजून हळद. तो स्टुलावरून ताडकन उठला.

"ही आत कवा गेली? ओ पाहुणे! तुम्ही कोण हिचे?"

सवयीनं मी घसा खाकरला. ओळख तयारच असते माझी. पाटबंधारे खात्याचे, पाचोडचे, अमक्या मंडळाचे सल्लागार, तमक्या समितीचे. बन्सी बघायला लागला. जीपच्या बॉनेटला टेकलेला शौकत सरळ झाला. द्वारका दारातच थांबली.

"मामा," मी म्हणालो. पुढं काही सुचलं नाय, आणि बोलावंसंही वाटलं नाय.

द्वारका फाटकातून बाहेर आली आणि शाईनं भरलेला हात तिनं माझ्यापुढं धरला. "चला मामा," ती म्हणाली, "आता घेऊन चला मांडवात. अक्का जेवायची थांबली असंल."

मी तिच्या हाताला धरून तिला जीपपर्यंत नेलं.